दौंडची मावशी

बाजारात मला कुणी ओळख दिली नाही, की काम बरं चाललंय असं मी समजायचे. शिरूरच्या आठवडे बाजारात, ज्यांच्या हातापायांची बोटं मला नावानिशी पाठ होती अशी माणसं हातभर अंतरावर मेथीची जुडी निवडत उभी असायची आणि माझ्याकडे अशी बघायची, की तिथं मी नाहीच. मीही वांगी बघायची. तो आमचा नियमच होता. मी 'महारोगाची बाई' म्हणून पंचक्रोशीत ठाऊक. मी ज्याला 'काय, बरं आहे ना?' विचारलं, त्याच्या घरचं पाणी दुसऱ्या दिवसापासून बंद झालं असतं. तेव्हा भाजी घ्यायची आणि मुकाट्यानं खोलीवर यायचं.

या अंकाच्या संपादिका आमच्याच गल्लीतल्या. त्या म्हणाल्या, तुमच्या सेवेबद्दल लिहा. सेवा हा शब्द मला पेलत नाही. ती नोकरी होती, दर महिन्याला पगार मिळत होता आणि रजा नाकारली की मी चांगली चिडत असे. पण त्या नोकरीतली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण सांगायला घरात कुणी नव्हतं आणि बाहेर सांगण्यासारखी ती नव्हती. आता त्यातली बरीच माणसं राहिलेली नाहीत. उरलेल्यांची नावं मी बदलली आहेत.

आधी काम सांगते. स्वातंत्र्य मिळून दहा-एक वर्षं झाली होती. नगर रस्त्याला एका लिंबाखाली आमचा दवाखाना भरायचा. एक टेबल, दोन बाकं, गोळ्यांची बरणी आणि मी. डॉक्टर ठरलेल्या दिवशी जीपनं यायचे, एरवी कारभार माझा. पेशंट आला की चट्ट्यावर कोंबडीच्या पिसानं स्पर्श करून पाहायचं, कोपरामागची नस चाचपायची, पाऊल वर उचलायला सांगायचं. शेवटी डोळे. 'घट्ट मीट' म्हणायचं आणि आपल्या बोटांनी पापणी उघडायला बघायची. ती उघडली नाही की चेहऱ्याची नस शाबूत. मग 'उघड आता' म्हणायचं. मी म्हटल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत, अशी माझी शिस्त. एकदा मी दुसऱ्या पेशंटशी भांडण्यात गुंतले आणि एक आबा किती तरी वेळ डोळे मिटून बाकावर तसेच बसून राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, उजाडलं का न्हाई अजून?"

कुष्ठरोग तसा मुकाट रोग. दुखत नाही, खाजत नाही, उलट जिथं असतो तिथलं कळणंच घेऊन जातो. जंतू अंगात ठाण मांडून बसतात आणि शरीर त्यांच्याकडे काणाडोळा करतं. पण एखाद्या दिवशी शरीराला जाग येते आणि ते खवळून उठतं. त्याला आम्ही रिॲक्शन म्हणायचो. घरात चोर शिरल्याचं उशिरा कळलेला मालक अंधारात काठी फिरवतो, चोराला दोन बसतात आणि उतरंडीची सगळी मडकी फुटतात, तसा हा प्रकार. जंतू मरत असतात, पण झटापट चाललेली असते आपल्याच नसांच्या आत. फिकट चट्टा लालबुंद होऊन फुगतो, नस सुजते, आणि वेळीच आवरलं नाही तर बोटं वाकडी होतात, पाऊल लोंबतं नाही तर डोळा उघडा राहतो. त्यामागचं शास्त्र मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की ही आग आहे आणि ती लवकर विझवली पाहिजे. त्यासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या नुकत्या कुठं मिळायला लागल्या होत्या आणि आमचे डॉक्टर त्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायचे.

या रोगात सगळंच उलटं. पुढं मी दौंडला असताना रेल्वेतला एक फिटर यायचा. रिॲक्शनमुळे त्याच्या पायात कळा यायच्या. दाखल हो, पाय हलवू नकोस, म्हणून मी त्याच्या विनवण्या केल्या. तो ड्यूटी सोडायला तयार नव्हता. एक दिवस पेढ्यांचा पुडा घेऊन आला. म्हणाला, दुखायचं पार थांबलं. मी पेढा तोंडात टाकला आणि त्याला पाऊल उचलायला सांगितलं. ते उचललं गेलं नाही. नस मेली की दुखणं थांबतं. तोंडात पेढा असताना मी त्याला ते कसं सांगितलं, आता आठवत नाही.

शिरूरला मी मिशनच्या आवारामागच्या एका खोलीत एकटी राहायचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते गेल्यावर घर मोडलं. लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि माझं काम कळल्यावर दोनदा थांबली. दूधवाला माझ्या पातेल्यात वितभर वरून दूध ओतायचा. इतरांना कशाला नावं ठेवू, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आमच्याच मंडळींत माझ्या बाकावर शेजारची जागा रिकामी असायची. लहान मुलं येऊन बसली की आया त्यांना डोळ्यांनी बोलावून घ्यायच्या. धाकट्या बहिणीचे यजमान तर शिकलेले, पण मी त्यांच्याकडे गेले की माझी कपबशी मोरीवर वेगळी ठेवलेली असे. मी ती स्वतः विसळून परत तिथंच ठेवायचे. वाईट वाटायचं, आणि सवयही होत गेली.

आता हौसाची गोष्ट. हौसा लग्नाआधी लिंबाखाली यायची. माहेर घोड नदीकाठी, इनामगावच्या अलीकडं. त्या गावात घरोघर रोगी शोधायचा सर्व्हे व्हायचा होता, म्हणून तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. डाव्या गालावर एक फिकट चट्टा, उन्हानं पडला म्हटलं तरी खपेल असा. तिचा प्रकार दुसऱ्याला लागणाराही नव्हता. लग्न झालं, वरवंडच्या बाजूला दिली. तिची आई, सोनाक्का, माझ्याकडून गोळ्या न्यायची आणि मिसरीच्या डबीत घालून लेकीला पोचवायची. सासरी कुणाला माहीत नव्हतं. सांगायला हवं होतं की नव्हतं, यावर आज कुणीही खुशाल वाद घालावा. सांगितल्यावर काय होतं ते मी रोज लिंबाखाली बघत होते. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचं एक अख्खं बाक माझ्यासमोर बसायचं.

हौसा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली. आणि थोड्याच दिवसांत सोनाक्का लिंबाखाली येऊन उभी राहिली, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

"बाई, चट्टा पेटलाय," ती म्हणाली. "डोळा मिटंना पोरीचा. निजली तरी उघडाच. आन् बारशाला तिकडची समदी येनार हायेत."

गरोदरपणी शरीर आपला पहारा ढिला सोडतं, पोटातल्या जिवाला परका समजून हाकलू नये म्हणून. बाळंत झाल्यावर पहारा परत येतो, आणि रोग अंगात असेल तर शरीर नेमकं तेव्हा खवळतं. हौसाच्या चेहऱ्याच्या नसेवर ते आलं होतं. डोळा उघडा राहिला तर सुकतो, कोरडा पडून बुबुळावर फूल पडतं आणि दृष्टी जाते. आणि डोळ्याचं काही झालं नाही तरी, बारशाला आलेल्या सासूनं ते तोंड बघून रोग ओळखला, तर हौसा पुन्हा सासरी जाणार नव्हती. डोळा आणि संसार, दोन्ही त्या गालावर होते.

डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, बघितल्याशिवाय ह्या गोळ्या देणार नाही. माझी जीप तिच्या दारात नको असेल, तर तुम्ही तरी बघून या. त्यांचं बरोबर होतं. प्रश्न असा, की मी कुणाच्या दारात उभी राहिले की तोच बोभाटा. आज मला न ओळखणारं गाव माझ्या पांढऱ्या साडीवरून उद्या चौकशी करणार. मी हे सोनाक्काला सांगितलं. तिनं सगळं आधीच ठरवलेलं होतं.

"माझी मावसभन म्हनून या," ती म्हणाली. "दौंडला दिलीय म्हनू. तितक्या लांब कोन जातंय इचारायला?"

त्यांच्या रानातल्या खोपीत तिनं मला तिचं हिरवं लुगडं नेसवलं, गळ्यात काळी पोत घातली. मग मेणाची डबी काढली आणि कुंकू. मी मास्तरांची मुलगी. आमच्या घरात कुंकवाचा करंडा कधी नव्हता. सोनाक्काचं बोट कपाळाशी आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी प्रार्थना केली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं म्हणजे कुंकू नाकावर सांडून शिंक येईल अशी मला भीती वाटत होती.

बाळंतिणीची खोली धुरानं भरलेली. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा टाकलेला. हौसा डोक्याला, कानाला फडकं बांधून पडली होती. तिनं मला बघितलं, मग माझं कपाळ बघितलं, आणि तसल्या सुजल्या तोंडानं हसली. खोलीत शेजारच्या बायका होत्या, सुईण होती. मी मावशी असल्यामुळे पुढं होऊन तिच्या तोंडावरून हात फिरवला. चट्टा तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम होता. 'दृष्ट काढते, डोळे मीट घट्ट' म्हटलं. उजवा मिटला. डाव्याची पापणी अर्ध्यावर येऊन थांबली आणि खाली डोळ्याचं पांढरं दिसत राहिलं. मीठमोहऱ्या ओवाळता ओवाळता मी सगळं तपासून घेतलं. मग 'उघड आता' म्हटलं. मीठमोहऱ्यांचं मी नंतर देवाला काय ते सांगितलं.

नर्सचं कुणी ऐकत नाही, रीत मात्र सगळे पाळतात, हे मला त्या दिवशी कळलं. शिरूरला मी घसा कोरडा करून सांगायचे आणि पेशंट माना डोलवून घरी जाऊन हवं ते करायचे. इथं मी म्हटलं, आमच्या दौंडला बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी करत नाहीत, की सुईणीनं लगेच शेगडी बाहेर नेली. आमच्यात डोळ्यांत एरंडेलाचं बोट फिरवून वर मऊ पट्टी बांधतात, म्हटलं की एक बाई पट्टी फाडायला बसलीसुद्धा. आमच्यात गालाला शेक देत नाहीत. आमच्यात बाळंतिणीला सव्वा महिना परक्याची नजर लागू देत नाहीत. मी एका दुपारात दौंडच्या इतक्या रीती निर्माण केल्या, की दौंडकरांना कळलं असतं तर ते चकित झाले असते.

मग मला चहा आला. सगळ्यांच्या कपबश्यांतलीच एक कपबशी. बायका मला खेटून बसल्या. एका म्हातारीनं माझ्या मांडीवर हात टाकून आपल्या गुडघ्याचं दुखणं सविस्तर सांगितलं आणि सांगून झाल्यावरही हात काढला नाही. बाळ आणून माझ्या ओटीत दिलं. निघताना माझी ओटी भरली. त्या दुपारी मला जितक्या माणसांचा हात लागला, तितक्यांचा मागच्या कित्येक वर्षांत लागला नव्हता. आणि तो मला लागलाच नव्हता, दौंडच्या मावशीला लागला होता. परत येताना घोड नदीवर मी कपाळ धुतलं. कुंकवाचा डाग जाईना म्हणून वाळूनं घासलं, आणि रविवारी देवळात कपाळ का सोललंय म्हणून पाळकांच्या बायकोनं विचारलं. माझी चौकशी त्यांनी केली ती तेवढीच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या सोनाक्काकडून सुरू झाल्या. बारशाला मी पुन्हा जावं असा तिचा हट्ट, कारण विहिणीला एकटीनं तोंड द्यायची तिची छाती नव्हती. मी गेले. लाली थोडी उतरली होती, पण तोंड अजून एका बाजूला ओढलेलं होतं. हौसाची सासू धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. तिनं सुनेकडे बघितलं आणि तोंडाला काय झालं म्हणून विचारलं. सोनाक्का पाळण्याकडे वळली. मीच म्हटलं, बाळंतपणात वारं लागलं, न्हाणीची फळी उघडी राहिली होती. बाळंतिणीला वारं लागतं हे खोलीतल्या प्रत्येक बाईला मान्य होतं. कुणाकुणाला लागलं होतं त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. सासू सुनेच्या उशाशी बसली, फडकं नीट केलं आणि सोनाक्काला म्हणाली, "उतरूस्तवर ऱ्हाऊ द्या हितंच. आमची काय घाई न्हाई."

सोनाक्का रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, नातीच्या बारशाचा आनंद.

पुढं ती सासू माझ्याशेजारीच बसली. आम्ही दोघींनी मिळून पाळण्याची दोरी धरली. तिनं मला खण-नारळ दिला आणि विचारलं, "विहीणबाई, पावनं काय करत्यात?"

"रेल्वेत हायेत," मी म्हटलं. एका वाक्यात मला नवरा झाला. तिला पुढं विचारायचं होतं, पण तेवढ्यात पाळणा सुरू झाला.

हौसा पुष्कळ दिवस माहेरी राहिली. सोनाक्का गोळ्या न्यायला यायची आणि बातमी द्यायची: चट्टा बसला, पापणी हलायला लागली, घास गालात अडकायचा थांबला. मग एक दिवस तिला न्यायला सासरची माणसं आली आणि ती गेली. मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून मी स्वतः काही पाहिलं नाही. ते राहून गेलं. वरवंडकडे मावशी म्हणून जाणं शक्य नव्हतं आणि नर्स म्हणून जाणं तर त्याहून नाही. काही वर्षांनी सोनाक्का वारली, हेही मला उशिरा कळलं. त्यानंतर बातमी येण्याची वाटच बंद झाली. कुणाला विचारणार?

आणि माझी बदली झाली ती नेमकी दौंडला. ऑर्डर हातात पडली तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले. दौंडला रेल्वेची माणसं, देशभरातून आलेली, त्यामुळे देवळात गर्दी बरी असायची. बाकावरची शेजारची जागा महिनाभर भरलेली राहिली. मग मी काय काम करते ते कळलं.

हिरवं लुगडं सोनाक्काचं, ते मी तिला परत केलं होतं. खण माझ्याकडे होता. तो मी शिवला नाही, ट्रंकेत ठेवला. कधी कधी काढून बघायचे. आपण कुणाची तरी मावशी आहोत, असं तेवढ्यापुरतं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं खरं.

दौंडच्या बाजारात मी नियमाप्रमाणे कुणाकडे न बघता चालले होते. कासाराच्या दुकानापाशी माझा दंड कुणीतरी धरला. मला बाजारात कुणी हात लावत नसे, म्हणून मी दचकलेच.

"विहीणबाई न्हवं?" मोठा आवाज. हौसाची सासू. केस पिकले होते, बाकी तशीच. तिच्यामागं हौसा उभी होती, आणि एका मुलीचा हात कासाराच्या हातात होता. कासाराला मी कोण ते चांगलं ठाऊक होतं. त्यानं मान वर केली नाही, बांगडी चढवत राहिला.

सासू हसत होती. मग तिनं माझी पांढरी साडी बघितली, मोकळं कपाळ बघितलं, गळा बघितला. तिचा चेहरा एकदम उतरला. दंडावरचा हात खाली येऊन माझ्या हातात आला.

"कवा झालं वो?" तिनं हळू विचारलं. तिला हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

काय सांगणार होते मी? नवरा नव्हताच, असं? मग मी कोण, कुंकू का लावलं होतं, हौसाचं तोंड कशानं ओढलं होतं, सगळी गाठ सुटत गेली असती. मी मान खाली घालून म्हटलं, झाली काही वर्षं.

"आमाला कळवायचं तरी," ती म्हणाली. "एकटीनं काढायचं लई अवघड, बाई. मी काढत्येय न्हवं? घर खायाला उठतं."

आणि मला रडू कोसळलं. ज्याला चेहराही कधी दिला नव्हता त्या रेल्वेतल्या नवऱ्यासाठी मी दौंडच्या भर बाजारात रडले. ते रडणं खोटं नव्हतं. एकटीनं काढायचं अवघड, हे मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं.

तिच्या खांद्यावरून मला समोर हौसा दिसत होती. गालावर काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. बोलणं शक्य नव्हतं, तिलाही आणि मलाही. मग तिनं मान जरा वर केली, लिंबाखाली बाकावर बसल्यावर करायची तशी, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले. डावी पापणी उजवीहून हळू उतरली. पण उतरली, पुरती उतरली. खाली पांढरं दिसलं नाही.

ती तशीच उभी राहिली. बाजारातली माणसं तिला घासून जात होती, कुणीतरी बैल सांभाळा म्हणून ओरडत होतं, आणि ती डोळे मिटून उभी. का उघडत नाही ते मला जरा वेळानं लक्षात आलं. तिच्या सासूच्या खांद्यावरून मी नुसते ओठ हलवून म्हटलं, उघड आता. मिटलेल्या डोळ्यांना ते दिसणार कसं?

शेवटी बांगड्या भरून झालेल्या मुलीनं तिचा पदर ओढला. "आये, चल की." तेव्हा हौसानं डोळे उघडले. सासू माझा निरोप घेऊन पुढं झाली, तशी हौसानं मुलीचं बोट धरलं, आणि माझ्याकडे न बघता सासूच्या मागून बाजारात निघून गेली.